जननेंद्रियावरचा हर्पीस वारंवार उठतोय: गोळ्या कधी, किती, आणि 'प्रतिकारशक्ती'साठी नेमकं काय करायचं?

कातळवाट

वय ३४, पुरुष. लिंगाच्या मुळाशी आणि डाव्या जांघेच्या कडेला पाणफोड उठतात, फुटतात, खपली धरतात. पहिल्या खेपेला त्वचारोगतज्ज्ञांनी फोडाच्या तळाचा स्वॅब घेऊन पीसीआर (विषाणू शोधणारी तपासणी) केली होती, त्यात एचएसव्ही-२ (हर्पीसच्या विषाणूचा दुसरा प्रकार) आला. त्यानंतरच्या १४ महिन्यांत ९ खेपा झाल्या. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) निगेटिव्ह, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.६, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ०.९. दुसरं कुठलंही औषध चालू नाही.

सध्याचा उपचार असा: फोड दिसले की ५ टक्क्यांचं असायक्लोव्हिर मलम दिवसातून चार-पाच वेळा. तिसऱ्या दिवसापर्यंत वाढलं तर त्याचीच २०० एमजीची गोळी दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. एक खेप तरीही ८-९ दिवस चालते. मलमाने आणि गोळ्यांनी फारसा फरक पडत नसेल तर चूक नेमकी कुठे आहे? रोज गोळी घ्यायची पद्धत कुणासाठी असते आणि ती किती दिवस चालवायची?

पत्नीची टाइप-स्पेसिफिक आयजीजी (एचएसव्ही-२ ची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आहे आणि वर्षभरात मूल हवं आहे. त्या दृष्टीने काय काळजी घ्यायची तेही हवं आहे.

---

खलबत्ता

औषध बरोबर आहे, वेळ चुकते आहे. आणि मलमाचा तर इथे जवळजवळ उपयोगच नाही.

हा विषाणू दोन खेपांच्या मध्ये कातडीत राहत नाही. माकडहाडाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये तो निजून असतो. जागा झाला की तंतूवरून खाली उतरतो आणि त्वचेच्या आतल्या थरात वाढतो. तुम्हाला फोड दिसतो तोवर तिथलं बरंचसं काम उरकलेलं असतं. असायक्लोव्हिर विषाणूची वाढ थांबवतं, झालेली जखम भरत नाही. त्याची खुबी अशी, की विषाणूचंच एक एन्झाइम या औषधाला कामाचं रूप देतं. म्हणून ते लागण झालेल्या पेशीतच जोर धरतं आणि बाकी शरीराला फार त्रास देत नाही. पण याचाच दुसरा अर्थ, वाढ चालू असतानाच ते पोचायला हवं. तिसऱ्या दिवशी सुरू केलेली गोळी खपलीवर खर्ची पडते. मलम तर त्या खोल थरापर्यंत पुरेसं उतरतच नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या उपचार-मार्गदर्शिकेतही जननेंद्रियाच्या हर्पीसला मलमाचा फायदा नगण्य असल्याचं लिहून ते वापरू नका असंच सांगितलं आहे.

म्हणून फोडाची वाट बघायची नाही, चाहूल ओळखायची. ठरलेल्या जागी चुणचुण, खाज, मुंग्या, आग. कित्येकांना त्याच बाजूच्या कुल्ल्यातून किंवा मांडीच्या मागून सणक जाते आणि ती कंबरेची म्हणून सोडून दिली जाते. फोड येण्याआधी काही तास ते एक-दोन दिवस हे चालतं. पहिली गोळी या काळात पोटात जायला हवी, फार तर फोड दिसल्यापासून २४ तासांच्या आत.

खेपेपुरत्या उपचाराचे मान्य डोस पुढीलप्रमाणे. यातला एकच डॉक्टरांनी ठरवून लिहून द्यायचा असतो, सगळे नाहीत.

असायक्लोव्हिर ८०० एमजी दिवसातून तीनदा, फक्त २ दिवस (एकूण ६ गोळ्या); किंवा ८०० एमजी सकाळ-संध्याकाळ, ५ दिवस.
व्हॅलासायक्लोव्हिर ५०० एमजी सकाळ-संध्याकाळ, ३ दिवस. किंवा १ ग्रॅम दिवसातून एकदा, ५ दिवस.
फॅमसायक्लोव्हिर १ ग्रॅम दोनदा, एकाच दिवसात संपतं.

तुमची '२०० ची पाच वेळा' ही जुनी पद्धत. ती चुकीची नाही, पण कामावर जाणाऱ्या माणसाकडून दिवसाचे पाच डोस पाळले जात नाहीत, आणि असायक्लोव्हिर रक्तात टिकतं थोडाच वेळ. साधारण तीन तासांत निम्मं उतरतं. तोंडावाटे घेतलेल्यातलं जेमतेम १५-२० टक्के रक्तात पोचतं. व्हॅलासायक्लोव्हिर हे त्याचंच सुधारलेलं रूप, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त पोचतं, म्हणून डोस कमी वेळा लागतो. जेवणाआधी-नंतरचा काही फरक नाही. पाकिटावर 'डीटी' असेल तर ती गोळी पाण्यात विरघळवून घेता येते.

चाहूल बहुधा रात्री अकराला किंवा रविवारी लागते आणि मेडिकलवाला चिठ्ठी मागतो. ती मागणं बरोबरच आहे, कारण औषध शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या यादीतलं आहे. म्हणून डॉक्टरांकडून दोन पूर्ण कोर्स आधीच लिहून घ्या. एक घरी, एक ऑफिसच्या बॅगेत. मुदत संपल्याची तारीख दर सहा महिन्यांनी बघा.

आता रोजच्या गोळीबद्दल. वर्षाला सहा किंवा जास्त खेपा होत असतील तर ती सुचवली जाते. पण सहा ही काही लक्ष्मणरेषा नाही. खेपा चारच पण प्रत्येक वेळी आठवडाभर माणूस आडवा होत असेल, तरीही ती योग्य ठरते. तुमचा हिशेब वर्षाला साडेसात-आठ असा पडतो, म्हणजे तुम्ही सरळ त्यात बसता. डोस: असायक्लोव्हिर ४०० एमजी सकाळ-संध्याकाळ, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० एमजी दिवसातून एकदा. वर्षाला दहा किंवा जास्त खेपा असतील तर ५०० अपुरी पडू शकते, तेव्हा १ ग्रॅम. यामुळे खेपा ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतात. शून्य होतीलच असं नाही. पूर्ण परिणाम यायला साधारण पाच दिवस लागतात. प्रवास, परीक्षा, लग्नकार्य अशा ठरावीक काळापुरती घ्यायची असेल तर आठवडाभर आधी सुरू करावी लागते, ती याच कारणाने.

किती दिवस? वर्षभर घेऊन थांबवून बघतात. इथे एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: बंद केल्यावर पहिली खेप लवकर आणि जरा जोरात येऊ शकते. ती आली की 'औषधाची सवय लागली' असं समजून लोक घाबरतात. तसं नसतं. निदान दोन खेपा होऊ द्यायच्या, मग त्यांच्यातलं अंतर आणि त्रास बघून पुन्हा चालू करायचं की नाही हे ठरवायचं. असायक्लोव्हिर रोज सलग सहा वर्षं घेतलेल्या लोकांच्या सुरक्षिततेची नोंद आहे.

रोजची गोळी चालू असताना फोड उठले, तर पहिला प्रश्न डोस चुकले का हा. बहुतेकदा उत्तर तिथेच सापडतं. नियमित घेऊनही उठत असतील तर डॉक्टर डोस वाढवतात (असायक्लोव्हिर ४०० तीनदा). औषधाला न जुमानणारा विषाणू एरवी धडधाकट माणसात १ टक्क्याहूनही कमी वेळा सापडतो.

क्रिएटिनिन ०.९ म्हणजे मूत्रपिंडाची चिंता नाही, तरी गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्यायचं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचा आणि वयस्करांचा डोस मात्र कमी करावाच लागतो, नाहीतर औषध साठतं आणि माणूस गोंधळल्यासारखा बरळायला लागतो. घरातल्या आजोबांच्या नागिणीसाठी लिहिलेला डोस (८०० एमजी पाच वेळा, ७ दिवस) तुम्ही घेऊ नका आणि तुमचा त्यांना देऊ नका.

---

निळीशाई

खलबत्ता यांनी शेवटी नागिणीचं नाव काढलं, तिथूनच पुढे. आपल्याकडे 'हर्पीस' म्हटलं की लोकांना नागीण आठवते. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची. ती अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच होते. जननेंद्रियावर पुन्हा पुन्हा उठणारे फोड ही नागीण नव्हे. मंत्रून घेणं, गेरू लावणं यात चाहुलीचे ते मोलाचे २४ तास निघून जातात.

दुसरं, आणि माझ्या मते या धाग्यातलं सगळ्यात दुर्लक्षित: तुमची पहिली खेप पीसीआरने सिद्ध झाली, पण नऊच्या नऊ खेपा हर्पीसच्याच होत्या का? एकदा शिक्का बसला की त्या जागेचं प्रत्येक ओरखडं हर्पीसच्या खात्यात जमा होतं. पुढच्या तीन गोष्टी हमखास फसवतात.

एक, औषधाची ॲलर्जी. डॉक्टर तिला 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात. विशिष्ट गोळी घेतली की काही तासांत दरवेळी त्याच जागी लालसर-जांभळा गोल डाग, कधी त्यावर फोड, लिंगाच्या टोकावर फार वेळा. बरं झाल्यावर तिथे काळपट डाग राहतो आणि दर खेपेला तो गडद होतो. हर्पीस असा काळा शिक्का सहसा मागे ठेवत नाही. आपल्याकडचे नेहमीचे गुन्हेगार म्हणजे जुलाबासाठी घेतलेली नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची जोडगोळी, को-ट्रायमोक्साझोल, आणि अंगदुखीच्या गोळ्या. फोड उठण्याच्या आदल्या दिवशी कुठली गोळी घेतली होती हे दरवेळी लिहून ठेवा. तीन खेपांत उत्तर मिळतं.

दोन, बुरशी. लिंगाच्या पुढच्या कातडीला उभ्या बारीक चिरा, पांढरा थर, खाज. हे मधुमेहात, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या लघवीतून साखर टाकणाऱ्या गोळ्यांवर फार दिसतं. तुमची साखर ठीक आहे, त्यामुळे तुम्हाला हे कमी लागू. पण हा धागा वाचणाऱ्या बऱ्याच जणांना लागू पडेल.

तीन, सिफिलिस. तो व्रण बहुधा एकच, कडक काठाचा आणि न दुखणारा. नवीन व्रण वेगळा वाटला की व्हीडीआरएल पुन्हा करा. एकदा निगेटिव्ह आली म्हणजे जन्माची सुटका झाली असं नाही.

शंका असेल त्या खेपेला पुन्हा स्वॅब द्या, आणि तोही पहिल्या ४८ तासांत, पाणी भरलेल्या फोडातून. खपलीतून घेतलेला स्वॅब निगेटिव्ह आला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. रक्ताच्या आयजीएम तपासणीवर पैसे घालवू नका. जुनी लागण पुन्हा उठली तरी ती पॉझिटिव्ह येते, कधी काहीच नसतानाही येते. 'टॉर्च पॅनल' या एकत्रित रक्ततपासणीतल्या हर्पीसच्या आकड्यावरून लग्नं मोडेपर्यंत वेळ येते, ते अगदी चुकीचं आहे.

मेडिकलमधून स्वतःच आणलेलं 'थ्री इन वन' मलम, म्हणजे क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, सोबत बुरशीचं औषध, सोबत अँटिबायोटिक, या जागेला कधीही लावू नका. दोन दिवस लाली उतरते, कारण स्टेरॉइडने त्या जागेची प्रतिकारयंत्रणा गप्प बसते. मग विषाणूला मोकळं रान मिळतं.

---

कातळवाट

दोघांचेही आभार. चाहुलीचं पटलं, मांडीच्या मागची सणक दरवेळी असते आणि ती मी बसण्याच्या पद्धतीवर ढकलत आलो. काळा डाग राहत नाही.

आता 'प्रतिकारशक्ती'बद्दल. लायसिन १ ग्रॅम, झिंक ५० एमजी, व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पुडी दर आठवड्याला, आणि सकाळी गुळवेलीचा काढा, हे सगळं चार महिने चालू आहे. शेंगदाणे आणि चॉकलेट बंद आहे. यातलं काय ठेवावं?

---

पांढरीमाती

काढा आज बंद करा. झिंक ५० एमजीही. बाकीचं सावकाश बघू.

मुळात समज दुरुस्त करायला हवी. वारंवार फोड उठतात म्हणजे प्रतिकारशक्ती दुबळी, असं नाही. एचएसव्ही-२ च्या पहिल्या खेपेनंतरच्या वर्षात साधारण चार-पाच खेपा ही मधली संख्या आहे, आणि पूर्ण निरोगी लोकांतही पाचातल्या एकाला वर्षात दहा किंवा जास्त होतात. म्हणजे तुम्ही त्या पट्ट्यातच आहात. पुढच्या वर्षांत हे प्रमाण बहुतेकांत आपोआप उतरतं. (एचएसव्ही-१ ने जननेंद्रियावर लागण झाली असेल तर वर्षाला एखादीच खेप किंवा तीही नाही. म्हणून प्रकार माहीत असणं महत्त्वाचं.) या विषाणूला आवर घालणाऱ्या टी-पेशी त्या जागेच्या कातडीतच, मज्जातंतूंच्या टोकांजवळ ठाण मांडून असतात. कित्येकदा विषाणू वर येतो आणि तासाभरात दाबला जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. त्या पेशींची संख्या वाढवणारी पावडर, काढा किंवा गोळी बाजारात नाही.

प्रतिकारशक्ती खरोखर खालावली की चित्र वेगळं दिसतं. व्रण मोठे, खोल, तीन-चार आठवडे न भरणारे, गुदद्वारापर्यंत पसरणारे. तसं असेल तर एचआयव्हीची तपासणी पुन्हा, साखर, आणि दमा, संधिवात वगैरेसाठी चालू असलेल्या प्रेडनिसोलोनची (स्टेरॉइडच्या गोळीची) चौकशी.

आता तुमची यादी.

गुळवेल: २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता हेही नमूद करतो. पण हर्पीसच्या खेपा त्याने कमी होतात याचा भरवशाचा पुरावा नाही. फायदा सिद्ध नाही आणि धोक्याची नोंद आहे, असं असताना चार महिने रोज काढा घेण्यात अर्थ नाही. एकदा एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) करून घ्या.

झिंक: मोठ्या माणसाला सगळं धरून दिवसाची वरची मर्यादा ४० एमजी. महिनोन्‌महिने त्याहून जास्त घेतलं की तांब्याचं शोषण अडतं. त्यातून रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात. प्रतिकारशक्ती वाढवायला घेतलेल्या गोळीने ती घटवायची, असा हा उलटा व्यवहार.

व्हिटॅमिन डी: रक्तात कमी असेल तरच, आणि ६०,००० ची साप्ताहिक पुडी साधारण आठ आठवडे. मग थांबून तपासणी आणि लागलाच तर कमी डोस. चार महिने सलग म्हणजे सोळा-सतरा पुड्या झाल्या. तपासणी न करता पुढची फोडू नका. कॅल्शियमही बघा.

लायसिन: कल्पना अशी, की विषाणूला वाढायला आर्जिनिन लागतं आणि लायसिन त्याच्याशी स्पर्धा करतं. बशीतल्या पेशींत ते दिसलं. माणसांत ओठांच्या फोडांवर झालेले अभ्यास लहान आणि परस्परविरोधी, जननेंद्रियाच्या हर्पीसवर तर जवळजवळ नाहीतच. १ ग्रॅमने मूत्रपिंड ठीक असलेल्याला अपाय होत नाही. पैसे वाचवायचे असतील तर बंद करा. शेंगदाण्याचं तर सोडूनच द्या. कूट, चटणी, चिक्की बंद करून खेपा थांबतात असं कुणी दाखवलेलं नाही. शेंगदाणे हा आपल्या जेवणातला स्वस्त प्रथिनांचा आधार आहे, तो असा तोडू नये.

मग उरतं काय? ताप आणि इतर आजारपण, शस्त्रक्रिया, बायकांमध्ये पाळीच्या आसपासचे दिवस, त्या जागेचं घर्षण. ताणाबद्दल एक बारीक गोष्ट: एखाद्या दिवसाच्या भांडणाने किंवा चिडचिडीने नव्हे, तर आठवड्याहून जास्त रेंगाळणाऱ्या ताणाशी खेपांचा संबंध आढळला आहे. म्हणून 'मी कालच चिडलो, म्हणून उठलं' असा स्वतःला दोष लावून घेऊ नका. झोप नीट घ्या, कारण ती सगळ्याच आजारांत कामाला येते. तिच्याकडून हर्पीसवर चमत्काराची अपेक्षा मात्र नको.

तुमची जागा जांघेच्या कडेला आहे. तिथे घट्ट जीन्स, घामाने ओली चड्डी आणि दुचाकीवरचा लांबचा प्रवास ही तिकडी बघा. सुती आणि सैल कपडे, घामाने भिजले की बदलायचे. तिथले केस वस्तऱ्याने काढू नका, कातरीने किंवा ट्रिमरने बारीक करा. खेपेच्या दिवसांत वस्तरा फिरवला तर विषाणू बारीक कापांतून आजूबाजूला पसरतो.

एक छोटी वही ठेवा: चाहुलीची तारीख आणि वेळ, पहिल्या गोळीची वेळ, फोड आले की नाहीत, खपली पडली तो दिवस, आणि आधीच्या तीन दिवसांत ताप, औषध, प्रवास. चाहूल लागून फोड न येताच विरलेली खेपही लिहा. गोळी वेळेवर पडली याचा तोच पुरावा.

---

निळीशाई

जखमेची निगा कुणी लिहिली नाही म्हणून थोडक्यात. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा मीठ, त्याने दिवसातून दोनदा दहा मिनिटं शेक. मग टिपून कोरडं करा, घासू नका. कापड चिकटत असेल तर साधी पेट्रोलियम जेली. लघवीला झोंबत असेल तर २ टक्के लिग्नोकेन जेली पाच-दहा मिनिटं आधी, आणि लघवी करताना मग्याने पाण्याची धार सोडत राहा. पातळ झालेली लघवी कमी झोंबते. हे बायकांना जास्त उपयोगी. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. डेटॉल, सॅव्हलॉन, टूथपेस्ट, हळद, टाल्कम पावडर यांतलं काहीही नको. उघड्या जखमेवर याने रासायनिक भाजल्यासारखं होतं आणि मग डॉक्टरांनाही मूळ व्रण ओळखता येत नाही. हात लागला तर साबणाने धुवा, विशेषतः डोळ्यांना किंवा कॉन्टॅक्ट लेन्सला लावण्याआधी.

लघवी पूर्ण अडली, डोकं प्रचंड दुखून मान ताठली, किंवा डोळा लाल होऊन दुखायला लागला, तर गोळीची वाट न बघता रुग्णालय गाठा.

---

ओलीवाट

पत्नी आणि बाळ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि तुमच्या बाबतीत तो थोडा उलटा आहे. लोकांना वाटतं, हर्पीस असलेल्या बाईला मूल होताना धोका. प्रत्यक्षात जुनी लागण असलेल्या आईची प्रतिपिंडं बाळालाही मिळालेली असतात, आणि बाळाला लागण होण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी असतं. खरा धोका, ज्या बाईला आधी लागण नव्हती आणि गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत ती झाली, तिच्या बाळाला. तेव्हा हे प्रमाण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातं. तुमची पत्नी निगेटिव्ह आहे, म्हणजे जपायचा काळ तो.

आधी तिची तपासणी पक्की करा. लागणीनंतर आयजीजी दिसायला १२ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर तेवढा काळ लोटून एकदा पुन्हा करा, आणि एचएसव्ही-१ चीही. तिचा आकडा १.१ ते ३ च्या मधला आला तर त्यावर विश्वास ठेवू नका, तो खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच असते.

गरोदर राहण्याआधी: बहुतेक लागणी फोड नसलेल्या दिवसांत होतात. लक्षणं असलेल्या एचएसव्ही-२ च्या रुग्णांत साधारण दर सात-आठ दिवसांतल्या एका दिवशी काहीही न दिसता विषाणू कातडीवर सापडतो. म्हणून फक्त 'फोड आले की लांब राहायचं' पुरत नाही. तेही पाळायचंच, चाहुलीपासून नवी कातडी पूर्ण येईपर्यंत. रोजच्या गोळीचा दुसरा फायदा इथे आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या १,४८४ जोडप्यांच्या अभ्यासात लागण असलेल्या जोडीदाराने रोज व्हॅलासायक्लोव्हिर ५०० एमजी घेतलं, तेव्हा आठ महिन्यांत दुसऱ्याला लागण होण्याचं प्रमाण ३.६ वरून १.९ टक्क्यांवर आलं. त्यात वर्षाला दहापेक्षा कमी खेपा असलेलेच रुग्ण होते, तुम्ही त्यात बसता. म्हणून असायक्लोव्हिर की व्हॅलासायक्लोव्हिर असा प्रश्न डॉक्टरांसमोर आला, तर तुमच्या घरच्या परिस्थितीत मी दुसऱ्याकडे झुकेन, कारण जोडीदाराच्या संरक्षणासाठी तपासलेलं औषध ते आहे.

कंडोम वापराच, पण लिंगाचं मूळ आणि जांघ त्याखाली झाकली जात नाही, आणि तुमचे फोड नेमके तिथेच. मूल हवं असताना कंडोमशिवायचे संबंध बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस एवढ्यापुरते ठेवा, खेपेबाहेरचे आणि रोजची गोळी चालू असतानाचे. गोळीमुळे शुक्राणूंवर परिणाम होईल ही भीती बाळगू नका. रोज १ ग्रॅमपर्यंत असायक्लोव्हिर सहा महिने घेतलेल्या पुरुषांत शुक्राणूंची संख्या, हालचाल, आकार यांत फरक दिसलेला नाही.

दिवस राहिल्यावर: स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा, फाइलवर लिहून घ्या. २८ आठवड्यांनंतर संबंध पूर्ण बंद. तुमच्या ओठावर तापाचे फोड येत असतील आणि ती एचएसव्ही-१ निगेटिव्ह असेल तर मुखमैथुनही बंद. एवढं करूनही तिला लागण झालीच, तर ३६ आठवड्यांपासून तिला असायक्लोव्हिर ४०० एमजी तीनदा देतात, आणि कळा सुरू होताना फोड किंवा चाहूल असेल तर सिझेरियन करतात. शेवटच्या तीन महिन्यांत नव्याने झालेली लागण ही वेगळी, तातडीची गोष्ट. ती लपवायची नाही.

बाळ झाल्यावर तुम्ही त्याला घ्या, अंघोळ घाला, झोपवा, हात धुतलेले असले की झालं. टॉवेल, बादली, संडास यांतून हा पसरत नाही. ओठावर फोड असलेल्या कुणीही, मग ती आत्या असो की आजी, तान्ह्याचा पापा घ्यायचा नाही. या बाबतीत मात्र कडक राहा.

आणि एक. आयजीजी निगेटिव्ह पत्नी आणि पॉझिटिव्ह नवरा म्हटलं की घरात संशयाचं वारं शिरतं. पहिली दिसलेली खेप ही ताज्या लागणीचीच असते असं नाही. विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहून मग उठू शकतो. 'कधी आणि कुणाकडून' याचं उत्तर तपासणी देत नाही, तेव्हा त्यावरून कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

---

पांढरीमाती

खर्चाची अडचण असलेल्या वाचकांसाठी: जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे हर्पीसच्या व्रणासाठी लाल रंगाचं किट (किट क्रमांक ५) मोफत मिळतं, त्यात असायक्लोव्हिर ४०० एमजी तीनदा, ७ दिवस. १०९७ या मोफत क्रमांकावर जवळचं केंद्र विचारता येतं. खासगीत जाणार असाल तर पाटीवर 'गुप्तरोग तज्ज्ञ' आहे एवढ्यावर जाऊ नका. पदवी बघा, एमडी किंवा डिप्लोमा 'त्वचा, गुप्तरोग व कुष्ठरोग' या विषयातला हवा. 'हर्पीस मुळापासून बरा' अशी हमी जिथे लिहिली असेल तिथून परत फिरा. मज्जातंतूंत निजलेला विषाणू काढून टाकणारं औषध आज कुणाकडेही नाही, आणि बाजारात लसही नाही.

---

कातळवाट

काढा, झिंक, डी बंद. उद्या एसजीपीटी, डी आणि कॅल्शियम करतो. सोमवारी डॉक्टरांकडे व्हॅलासायक्लोव्हिर ५०० रोजचं विचारतो. दोन शंका: रोजची गोळी विसरली तर काय? आणि रोजची चालू असताना चाहूल लागली तर वरून खेपेचा डोस घ्यायचा का?

---

खलबत्ता

आठवेल तेव्हा लगेच घ्या. पुढच्या डोसची वेळ आलीच असेल तर गेलेली सोडून द्या, दोन एकदम नकोत. दात घासायच्या ब्रशशेजारी पट्टी ठेवली की चुकत नाही.

दुसरं सोमवारी लिहूनच घ्या. बरेच डॉक्टर अशा वेळी ५०० ची गोळी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ करायला सांगतात, म्हणजे रोजचीच दुप्पट, आणि चौथ्या दिवशी पुन्हा एकावर. त्यासाठी वेगळं पाकीट लागत नाही, पण महिन्याच्या गोळ्या घेताना तीन जास्त घ्या.